लाटेचा जिना

घरात तिला पट्टी म्हणायचे. हे नाव आत्याने ठेवलं. पट्टी सहा-सात वर्षांची असताना लाकडी फूटपट्टी घेऊन घरभर हिंडायची. दाराची चौकट मोज, खिडकीचे गज मोज, स्टुलाचा पाय मोज. एका दुपारी तिने झोपलेल्या आत्याचं नाक मोजायला घेतलं. आत्या दचकून उठली आणि ओरडली, "या पट्टीला आवरा कुणीतरी!" तेव्हापासून शाळेतलं नाव शाळेत राहिलं, घरी ती पट्टीच.

बाप गवंडी होता. संध्याकाळी हात कितीही घासले तरी नखांच्या कडा सिमेंटने पांढऱ्याच राहायच्या. लेकीला आर्किटेक्चरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा तो कामावर भेटेल त्याला सांगत सुटला, "इतकी वर्षं दुसऱ्यांनी काढलेलं बांधलं. आता आमच्या घरातलं माणूस काढणार."

कॉलेजात मात्र पट्टीची पंचाईत झाली. वर्गातल्या कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे इंजिनिअर, एकीच्या आईचं तर स्वतःचं ऑफिस. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आला. पट्टीचं पेन तिथे थोडं घुटमळलं आणि मग तिने लिहिलं, 'बांधकाम व्यवसाय'. खोटं नव्हतं. पण ते लिहिताना तिने शेजारच्या मुलीला दिसू नये म्हणून हात आडवा धरला होता, आणि तो आडवा हात तिचा तिलाच बरेच दिवस आठवत राहिला.

चौथ्या वर्षी कॉलेजने आणि नगरपालिकेने मिळून एक प्रयोग करायचं ठरवलं. शहरातल्या दुर्लक्षित जागा मुलांनी निवडायच्या, त्यांचं नवं रूप सुचवायचं, आणि जो आराखडा सगळ्यांत चांगला ठरेल तो नगरपालिका खरोखर बांधणार. पट्टीने दवाखान्याच्या रस्त्यावरून वरच्या वस्तीकडे जाणारा जिना निवडला. बेचाळीस पायऱ्या, दोन्हीकडे घरांच्या भिंती, तळाशी चष्म्याचं दुकान. पायऱ्यांचे कोपरे उडालेले, मधे मधे फरशी फुटलेली. वरच्या वस्तीतला प्रत्येक माणूस दिवसातून दोन-चार वेळा तरी तिथून जायचाच, कारण गाडीरस्ता लांबून वळसा घालून येत होता.

पट्टीची कल्पना अशी की जिना म्हणजे नुसती चढ-उतार कशाला? लोकांनी तिथे थबकावं, टेकावं, चार शब्द बोलावेत. म्हणून तिने पायऱ्या लाटेसारख्या काढल्या. एक पायरी हातभर रुंद, पुढची तिच्या दुप्पट, मग एकदम अरुंद. उंचीही तशीच, कुठे इंच-दीड इंच कमी, कुठे जास्त. कागदावर ती लाट फार देखणी दिसत होती. चित्रात तिने माणसंही चिकटवली होती. फुगा घेतलेली मुलगी, पुस्तक वाचणारे आजोबा, हसत उभ्या असलेल्या दोन बायका. त्या चित्रातला एकही माणूस खाली बघत नव्हता, आणि कुणाच्या हातात पिशवी नव्हती.

विभागप्रमुख सरांनी पुठ्ठ्याच्या मॉडेलवरून वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा! याला जिना म्हणू नका. ही वास्तुकलेतली तान आहे." वर्गाने टाळ्या वाजवल्या. पट्टीला त्या रात्री झोप लागली नाही.

मॉडेल घरी आणलं तेव्हा बाप जमिनीवर पालथा पडून, गाल फरशीला लावून बराच वेळ बघत राहिला.

"पायऱ्या लहान-मोठ्या कशा गं?"

"मुद्दाम."

"मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे माणसाची सवय मोडते, बाबा. तो जागा होतो. थांबतो, आजूबाजूला बघतो."

बापाने मान खाजवली. "अगं, उतरताना माणूस पायाकडे बघतो का? पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय माप घेतो, पुढच्या सगळ्या त्याच मापाने टाकतो. मधेच माप बदललं तर माणूस तोंडघशी पडायचा."

"बाबा, तुम्ही बांधता ना, तसलं नाही हे. हा प्रयोग आहे. तुम्हाला नाही कळायचं."

शब्द तोंडातून निघाले आणि स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात येऊन उभी राहिली. बाप मात्र हसला. "असेल बाई," म्हणाला, आणि मॉडेलवर पडलेली धूळ फुंकून त्याने ते अलगद कपाटावर ठेवून दिलं.

नगरपालिकेच्या इंजिनिअरनेही कपाळाला आठ्या घातल्या होत्या म्हणे. पण विभागप्रमुखांचं वजन मोठं, वर साहेबांची सही झालेली, मग तो तरी किती ताणणार? काम मंजूर झालं. ते एका ठेकेदाराला मिळालं, आणि आठवड्याभरात बाप घरी सांगत आला, "मी मागून घेतलं ते काम. दुसऱ्या कुणी केलं तर तुझी लाट वाकडी व्हायची."

दोन महिने तो तिथे राबला. बेचाळीस पायऱ्यांचे बेचाळीस वेगवेगळे साचे त्याने प्लायवुडमधून स्वतः कापले. नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला टांगला होता, आणि प्रत्येक पायरी ओतण्याआधी तो हात पुसून नकाशा वाचायचा. त्याला जे पटलेलं नव्हतं ते त्याने केसाइतकंही न चुकता बांधलं.

उद्घाटनाला फीत होती, कॅमेरे होते, नगरपालिकेचे साहेब होते. बाप इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून चोपून बसवून आला होता, पण मजुरांच्या घोळक्यात मागे उभा होता. फोटो झाल्यावर तो पुढे आला. त्याचा हात पट्टीच्या खांद्याकडे येत होता, तेवढ्यात विभागप्रमुखांनी विचारलं, "हे कोण?"

पट्टीच्या आजूबाजूला अख्खा वर्ग होता. जिच्या आईचं ऑफिस होतं ती मुलगी आईला घेऊन अगदी शेजारी उभी होती.

"हे इथले गवंडी, सर," पट्टी म्हणाली. "काम यांनीच केलंय."

बापाचा हात हवेतच वळला आणि त्याचा नमस्कार झाला. "होय साहेब," तो म्हणाला. "पोरीने... मॅडमनी नकाशा फार चांगला दिला होता."

मॅडम! तो शब्द पट्टीच्या कानात तापलेल्या सळईसारखा शिरला. त्या क्षणीसुद्धा तिला दुरुस्त करता आलं असतं. एका वाक्याचं तर काम होतं. पण सर पुढे सरकले, कुणीतरी बिस्किटांचा ट्रे आणला, आणि ते वाक्य राहूनच गेलं. घरी गेल्यावर बाप आईला म्हणाला, "फार छान झाला कार्यक्रम," आणि शर्ट काढून नीट घडी घालून ठेवला. पट्टी ताटावर मान खाली घालून जेवली.

आराखड्याला बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात जिन्याचा फोटो आला. त्यानंतर तीन-साडेतीन महिने पट्टी त्या जिन्याकडे फिरकली नाही. शेवटच्या वर्षाच्या कामाचं ओझं होतं, हे खरं. पण तिथे गेलं की ते 'मॅडम' ऐकू येईल, ही धास्तीही होती. बाप या दिवसांत बराचसा घरीच होता. "कंबर धरलीय," म्हणायचा. पट्टीने एकदा मलम आणून दिलं आणि पुन्हा आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

मग पोर्टफोलिओसाठी फोटो हवे होते म्हणून तिला जावंच लागलं. जिन्याच्या तळाशी पोचली आणि तिचं डोकं सणकलं. पायऱ्यांच्या कडांवर कुणीतरी पिवळ्या रंगाचे पट्टे मारले होते. हाताने मारलेले, पण सरळ. तिच्या राखाडी लाटेचा पार विचका झाला होता.

चष्मेवाला दुकानाच्या दारात काच पुसत उभा होता. गोल पोटाचा, बोलका माणूस.

"हे पट्टे कुणी मारले?" तिने जरा चढ्या आवाजात विचारलं.

"मारले म्हणून वाचतोय आम्ही," तो म्हणाला. "बाई, हा जिना झाल्यापासून माझा धंदा दुप्पट झालाय. जो अडखळतो तो म्हणतो, नंबर वाढला वाटतं. येतो डोळे तपासायला. मी बघतो तर नंबर तोच! शेवटी मलाच लाज वाटायला लागली. मी पाटीच लावणार होतो, 'डोळे ठीक आहेत, जिना तपासा.'"

पट्टीला हसू आलं नाही. "पडतात लोक?"

"पडतात? पोस्टमन दोनदा पडला. वरच्या शिवणवाल्या काकू कापडाचा गठ्ठा घेऊन उतरत होत्या, त्या मधल्या फसव्या पायरीवर कोसळल्या. उजवं मनगट मोडलं. शिवणारीचं उजवं मनगट! मग वस्तीने ठेकेदाराला बोलावलं, इथेच उभं केलं. हा आरडाओरडा. तो म्हणतो मी नकाशाप्रमाणे केलं. लोक म्हणाले, आण मग नकाशा काढणाऱ्याला. तेवढ्यात त्याच्याबरोबर आलेला गवंडी पुढे आला."

"कोण गवंडी?"

"इथे काम करत होता तो. म्हणाला, नकाशा बरोबर होता, माप माझं चुकलं. झालं. ठेकेदाराला आयता बकरा मिळाला. सगळ्यांदेखत त्याला कामावरून काढला, वर सांगितलं की याला आता कुणी काम देणार नाही. पण माणूस बघा. परवा पहाटे स्वतः रंगाचा डबा घेऊन आला आणि हे पट्टे मारून गेला. मी चहा विचारला तर घेतला नाही. म्हणाला, मला इथे चहा पिण्याचं तोंड नाही." चष्मेवाल्याने काच उजेडाकडे धरली. "तुम्ही कोण?"

"मी... फोटो काढायला आले होते," पट्टी म्हणाली.

हे दुसऱ्यांदा झालं. पहिल्या वेळी निदान गर्दी होती, कॅमेरे होते. या वेळी फक्त एक चष्मेवाला होता, आणि तरी तिच्या तोंडून खरं निघालं नाही.

फोटो न काढता ती रुंद पायरीवर जाऊन बसली. ती पायरी तिने गप्पांसाठी काढली होती. तासभरात तिने एकोणीस माणसं अडखळताना पाहिली. कुणी गप्पा मारत नव्हतं. लोक थबकत होते, अगदी तिने आराखड्यात लिहिलं होतं तसे, पण ओल्या फरशीवरून चालल्यासारखे, एक हात भिंतीला लावून. एक बाई तान्हं मूल घेऊन उतरली ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवत. पट्टी उठून हात द्यायला गेली, तर ती बाई म्हणाली, "नको ताई, मोडेल माझी लय." पट्टीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

घरी बाप खिडकीशी बसून जुन्या थापीची मूठ घासत होता.

"तुमची कंबर दुखत नाहीये," पट्टी म्हणाली.

बापाने वर पाहिलं आणि ओळखलं. "कुणी सांगितलं?"

"का बोललात तसं? तुमचं माप चुकलं नव्हतं. तुम्ही तर आधीच सांगितलं होतं मला!"

"तुझं हे शेवटचं वर्ष आहे," तो म्हणाला. "तुझं नाव तिथे निघालं असतं तर कायमचं चिकटलं असतं. गवंड्याचं काय, गवंड्याला लोक तसेही बोलतात. भिंत ओली झाली, गवंडी. फरशी हलली, गवंडी. आणि मी तिथला गवंडीच होतो ना? तूच सांगितलंस."

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. तो अगदी साधेपणाने, कारण समजावून सांगावं तसं बोलला, आणि पुन्हा मूठ घासायला लागला. पट्टी तिथेच फतकल मारून बसली आणि ओक्साबोक्शी रडली. बाप घाबरून आईला हाका मारू लागला.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ, प्रयोग म्हटला की थोडंफार होतंच. तो गवंडी आपण होऊन बोललाय ना? मग तू कशाला ओढवून घेतेस?"

"ते गवंडी माझे वडील आहेत, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पट्टी तिथून सरळ नगरपालिकेत गेली आणि इंजिनिअरच्या टेबलावर सहीचं पत्र ठेवलं. माप नकाशातच तसं होतं, गवंड्याने तंतोतंत बांधलं, सोबत नकाशाची प्रत. इंजिनिअरने पत्र दोनदा वाचलं. "मी तेव्हाच म्हणालो होतो," तो म्हणाला. मग जरा नरमला. "पण मीही सही थांबवली नव्हती, हे खरंय. माझं नाव पण घाला हवं तर."

पत्र दिल्याने मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. झालं नाही. पत्र देणं म्हणजे लांबून दगड मारून पळण्यासारखं होतं. रविवारी सकाळी तिने बापाला म्हटलं, "चला माझ्याबरोबर." बाप नको नको म्हणत होता. आईनेच त्याचा इस्त्रीचा शर्ट काढून हातात दिला.

जिन्याबद्दल सांगायचंय, एवढाच निरोप पट्टीने आदल्या दिवशी धाडला होता, त्यावरून चष्मेवाल्याने जिन्यापाशी दहा-पंधरा माणसं जमवली होती. शिवणवाल्या काकू स्टुलावर बसल्या होत्या, उजवा हात गळ्यात अडकवलेला. पट्टीने घरून वाक्यं पाठ करून आणली होती, ती सगळी उडून गेली.

"हा जिना मी काढला," ती म्हणाली. "माप यांचं चुकलेलं नाही. यांनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि हे... हे माझे वडील आहेत."

चष्मेवाल्याच्या तोंडाचा आ झाला. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही," एवढंच तो म्हणाला. मागून एक म्हातारे गृहस्थ पुटपुटले, "बाप तो बापच." बाप आपल्या चपलांकडे बघत उभा होता.

काकूंनी पट्टीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काढलास तेव्हा चढून बघितला होतास का गं? हातात ओझं घेऊन?"

"जुना जिना बघितला होता. ओझं नव्हतं."

"मग आता चढ." काकूंनी डाव्या हाताने भिंतीपाशी ठेवलेला कापडाचा गठ्ठा दाखवला. "वर माझ्या दारापर्यंत ने आणि परत खाली आण. पायाकडे बघायचं नाही. गठ्ठा धरला की तसंही काही दिसत नाही."

पट्टीने गठ्ठा उचलला. हनुवटीपर्यंत आला. चढताना जमलं. प्रत्येक पायरी तिने स्वतः काढली होती, आकडे पाठ होते, मनात म्हणत ती वर पोचली. उतरताना मात्र तोंडाने मोजता मोजता मधेच एक आकडा सुटला. पाय खाली गेला आणि तिथे पायरी नव्हती. म्हणजे होती, दीड इंच खाली होती. गठ्ठा सुटला आणि ती ढुंगणावर आपटली. कापडाचे तागे उलगडत, पायऱ्यांवरून घरंगळत थेट चष्मेवाल्याच्या दारात गेले.

लोक हसले. आधी एक-दोघं, मग सगळेच. पोस्टमनही आला होता, तो तर डोळे पुसत होता. बाप तेवढा हसला नाही. तो धावत वर येऊन तिचा घोटा चाचपू लागला. काकूही हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लागलं?"

"थोडं."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "तागे गोळा कर. मातीत लोळू देऊ नकोस, गिऱ्हाइकाचे आहेत."

सुट्टीत नगरपालिकेने पायऱ्या फोडून पुन्हा ओतल्या, सगळ्या एका मापाच्या, मधे दोन मोकळे टप्पे आणि दोन्ही बाजूंना कठडा. नकाशा इंजिनिअरने काढला. ठेकेदाराने बापाला निरोप धाडला होता, झालं गेलं विसरून जा, कामावर ये. बाप गेला नाही. त्याला दुसरीकडे काम मिळालं, पण त्यात दोन-तीन महिने गेले, आणि त्या दिवसांत आई घरात कसं भागवत होती हे पट्टी बघत होती. शेवटच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, पट्टीने बक्षीस मिळालेली चित्रं लावली नाहीत. एकोणीस माणसं कुठे आणि कशी अडखळली, ते तिने एका लांब कागदावर काढून लावलं. बाहेरून आलेल्या एका परीक्षकाला ते आवडलं, दुसरा म्हणाला यात डिझाइन कुठे आहे? जेमतेम पास झाली. विभागप्रमुख तिच्याशी शेवटपर्यंत सौजन्याने, पण लांबूनच बोलत राहिले.

आता ती एका लहानशा ऑफिसात काम करते. तिथे बहुतेक वेळा तिला शाळांचे संडास, दवाखान्यांचे उतार, वाचनालयांचे दरवाजे असलंच काम मिळतं. लोक तिला हुशार म्हणतात. तसं कुणी म्हटलं की तिची मान अजून आपोआप खाली जाते, आणि समोरच्याला वाटतं मुलगी विनयी आहे.

काकूंचं हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. कोटाचं जाड कापड आता त्यांना कापता येत नाही. ते काम त्यांनी सोडलं. पट्टी दीड वर्ष त्यांच्या गल्लीतून जाणं टाळत होती. एकदा बाजारात समोरासमोर आल्या तेव्हा ती पटकन एका दुकानात शिरली. काकू मागोमाग आत आल्या.

"तोंड काय चुकवतेस? मी काय तुला खाणार आहे?"

"मला एक कुडता शिवून हवाय," पट्टी म्हणाली.

काकूंनी शिवून दिला. घ्यायला गेली तेव्हा त्यांनी स्वतःच तो उजेडात धरला. "डावी बाही जरा वाकडी बसलीय. हात स्थिर राहत नाही आता."

"छान झालाय, काकू."

"खोटं बोलू नकोस," काकू म्हणाल्या. "घालून दाखव."

तिने घातला. बाही खरंच वाकडी होती. "वाकडी आहे," ती म्हणाली.

"आहेच," काकू म्हणाल्या, आणि टाचण्यांची डबी तिच्यापुढे सरकवली. "धर. उसवते मी. तू कापड ताणून उभी राहा."